डक्टमधून येणारा एस-नाइन: ४० आणि ८० मीटरवरच्या नॉइजचं एक प्रकरण

कोथरूडमधली जुनी चार मजली सोसायटी, लिफ्ट नंतर बसवलेली, आणि पहिल्या मजल्यावर राहणारे आमचे एक ज्येष्ठ हॅम (लायसन्सवाले हौशी रेडिओ ऑपरेटर) मित्र. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत, ग्रुपमध्ये सगळे त्यांना काकाच म्हणतात. टेरेसवर पाण्याच्या टाकीजवळ जीआय पाइपचा मास्ट, त्यावर ४० आणि ८० मीटर या दोन शॉर्टवेव्ह बँडची (साधारण ७ आणि ३.६ मेगाहर्ट्झ) एकाच फीडपॉइंटवरची, म्हणजे केबल जिथे जोडतात त्या जागेवरची, इन्व्हर्टेड व्ही (मध्ये उंच आणि दोन्ही हात खाली उतरणारी डायपोल अँटेना), तिथून ३५ मीटर कोॲक्स केबल डक्टमधून खाली शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, आणि १०० वॅटचा साधा रिग, म्हणजे रेडिओ सेट. पुण्या-मुंबईत कितीतरी स्टेशनं अशीच आहेत म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

तक्रार दोन बाजूंनी होती. काकांची तक्रार अशी की ४० मीटरवर दिवसा कसंबसं काम होतं, पण संध्याकाळ झाली की नॉइज एस ९ च्या (एस म्हणजे रिगच्या सिग्नल मीटरवरचे आकडे) वर जाऊन बसतो आणि ८० मीटरवर तर एस ९ च्या वर आणखी १० डीबी, म्हणजे कोल्हापूर-नाशिकची माणसं समोर बोलतायत हे दुसऱ्याच्या वेब एसडीआरवर (इंटरनेटवरून ऐकता येणाऱ्या रिसीव्हरवर) ऐकू येतंय आणि स्वतःच्या रिगवर नुसता घरघराट. सोसायटीची तक्रार वेगळीच, की काका बोलायला लागले की गेटच्या सीसीटीव्हीचं चित्र फाटतं आणि मागच्या कॅमेऱ्यात आडव्या पट्ट्या येतात. सेक्रेटरींनी लेखी पत्र दिलं होतं, "आपल्या एरियलमुळे" वगैरे. काकांना ते पत्र फार लागलं, कारण लायसन्स आहे, पॉवर मर्यादेत आहे, इतकी वर्षं कोणाला त्रास नाही आणि आता अचानक हे.

या दोन तक्रारी एकाच वाटेच्या दोन टोकांच्या आहेत हे सगळ्यात आधी ध्यानात घ्यायला हवं होतं, पण सल्ले सगळे अँटेनाबद्दल आले. कोणी म्हणालं मॅग्नेटिक लूप लाव, कोणी म्हणालं डायपोल आणखी उंच कर, कोणी नॉइज ब्लँकर चालू कर म्हणालं. नॉइज ब्लँकर हा लाइनवरच्या स्पार्किंगसारख्या तुटक टकटक नॉइजसाठी असतो, एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) सलग घरघरीवर तो फारसं काही करत नाही, उलट शेजारचा मोठा सिग्नल आला की ऑडिओ खराब करतो. उंचीचं म्हणाल तर ४० आणि ८० वर आपल्याला बहुतेक वेळा शंभर ते चारशे किलोमीटरमधलीच माणसं हवी असतात, सिग्नल जवळजवळ सरळ वर जाऊन आयनोस्फियरवरून खाली यायला हवा, आणि त्यासाठी ४० मीटरच्या डायपोलला दहा-बारा मीटर उंची भरपूर झाली. काकांची अँटेना त्या कामाला छान होती, तिला हात लावायचं कारणच नव्हतं.

मग सुरुवात कुठून करायची तर आकड्यांपासून. नॉइज जास्त आहे म्हणजे किती जास्त आहे, आणि शहरात मुळात किती असायला हवा? एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये) एस ९ म्हणजे ५० ओहमवर ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजेच उणे ७३ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल), आणि एक एस युनिट ६ डीबीचं. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) पी.३७२ या शिफारशीत माणसाने केलेल्या नॉइजचे जे आलेख आहेत त्यातला निवासी भागाचा धरला आणि एसएसबीची (आपण ज्या मोडवर बोलतो त्याची) २.४ किलोहर्ट्झ बँडविड्थ घेतली तर ७.१ मेगाहर्ट्झवर साधारण उणे ९१ डीबीएम येतं म्हणजे एस ६, आणि ३.६ वर उणे ८३ च्या आसपास म्हणजे एस ७ च्या थोडं वर. आता ही आकडेवारी आजच्या एलईडीच्या जमान्याच्या आधीची आहे आणि रिगचा एस मीटर काही लॅबचं उपकरण नव्हे, तरी अंदाज घ्यायला पुरते. शहरात राहून ४० मीटरवर एस १ मागणं म्हणजे हट्ट आहे, पण एस ९ च्या वर असेल तर कुठेतरी एखादी नेमकी वस्तू जवळून ओरडते आहे असं समजायचं आणि शोधायला निघायचं.

पहिली टेस्ट घरातली. रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन एमसीबी पाडला. नॉइज एक एस युनिट खाली आला, बस. त्यातला बराचसा वाटा स्वयंपाकघरातल्या एका एलईडी बॅटनचा आणि नातवाच्या लॅपटॉप चार्जरचा निघाला, दोन्ही बदलून टाकले, पण मुख्य नॉइज जागच्या जागी. म्हणजे बाहेरून येतोय. ही टेस्ट लोक टाळतात कारण फ्रिज बंद होतो, वायफाय जातं, घरातले वैतागतात, पण पाच मिनिटांचं काम आहे आणि यानंतर निदान स्वतःच्या घराबद्दल वाद राहत नाही.

दुसरं, वॉटरफॉल, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती जोर आहे ते दाखवणारं स्क्रीनवरचं सरकतं चित्र, नीट बघणं. ४० मीटरच्या अख्ख्या २०० किलोहर्ट्झमध्ये नॉइज सारखा पसरलेला नव्हता, साधारण ६५ किलोहर्ट्झच्या अंतराने फुगवटे होते, कडा धूसर, आणि ते फुगवटे हळूहळू इकडेतिकडे सरकत होते. एएमवर ऐकलं की त्यात १०० हर्ट्झची घरघर. हे स्विचिंग सप्लायचं अगदी नेहमीचं रूप: आतला स्विच समजा ६५ किलोहर्ट्झवर चालतो, त्याचे हार्मोनिक्स (दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या फ्रिक्वेन्सी) थेट एचएफपर्यंत चढतात, तापमान आणि लोड बदलला की मूळ फ्रिक्वेन्सी थोडी सरकते आणि शंभराव्या हार्मोनिकवर तेच सरकणं शंभरपट दिसतं. लाइनवरचा स्पार्क असता तर फुगवटे दिसले नसते, आणि पाऊस पडला की इन्सुलेटरवरची धूळ धुतली जाऊन तो बहुतेक वेळा कमी झाला असता. इथे पावसाचा काही संबंध नव्हता.

खरा धागा मिळाला काकांच्या लॉगबुकात. त्यांना सवय आहे, रोज नेटला (ठरल्या वेळी रेडिओवर जमणाऱ्या हॅमच्या बैठकीला) बसले की वेळ, बँड, नॉइज किती, सगळं लिहितात. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की संध्याकाळी लोक घरी येतात, टीव्ही-दिवे लागतात म्हणून नॉइज वाढतो. पण लॉग बघितला तर नॉइज चढण्याची वेळ डिसेंबरात सहाच्या सुमाराला होती आणि जूनमध्ये सव्वासातच्या पुढे, म्हणजे ती सूर्यास्ताबरोबर सरकत होती, आणि पावसाळ्यातल्या एका भर दुपारी खूप काळोखून आलं होतं तेव्हाही चढल्याची नोंद होती. म्हणजे अंधार पडला की आपोआप चालू होणारी, किंवा अंधारात जास्त करंट खाणारी गोष्ट. पहिला संशय रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांवर गेला, आणि तो चुकीचाही म्हणता येणार नाही कारण त्यांचे ड्रायव्हर काही ठिकाणी खरंच त्रास देतात. तो संशय मिटवला वळवाच्या पावसाने. संध्याकाळी लाइट गेली, अख्खी गल्ली अंधारात, रस्त्यावरचे दिवे बंद, विजा थांबल्यावर काकांनी अँटेना परत जोडली आणि बॅटरीवर रिग लावला तर तेच फुगवटे, त्याच अंतराने. (विजा चमकत असताना अँटेना काढून ठेवायची, यात तडजोड नको.) काकांचा लगेच फोन, "अरे, लाइट नाहीये आणि नॉइज आहे, म्हणजे हे बॅकअपवर चालतंय रे काहीतरी!"

सोसायटीत इन्व्हर्टरवर काय काय आहे? जिन्यातले दिवे आणि सीसीटीव्ही. आणि सीसीटीव्हीच्या कॅमेऱ्यात अंधार पडला की इन्फ्रारेड एलईडी लागतात, प्रत्येक कॅमेऱ्याचा करंट वाढतो, सप्लायवर लोड वाढतो, नॉइज चढतो. सूर्यास्ताचं कोडं सुटलं.

तरी अंदाजावर सेक्रेटरींकडे जायचं नाही असं ठरवलं, कारण एकदा का "तुमच्या कॅमेऱ्यामुळे" असं म्हटलं आणि ते सिद्ध झालं नाही की पुढचं सगळं बिघडतं. म्हणून एक साधा क्लॅम्प केला. उघडझाप होणारा क्लिप-ऑन फेराइट (केबलभोवती बसणारं चुंबकीय सिरॅमिकचं कडं), त्यातून पातळ वायरचे पाच-सहा वेढे, ते एका छोट्या बॅटरीवरच्या एचएफ रिसीव्हरला. हा क्लॅम्प ज्या केबलभोवती बसवाल त्या केबलच्या बाहेरून वाहणारा कॉमन-मोड करंट तो दाखवतो, आत नीट जाणारा सिग्नल दाखवत नाही, कारण आतल्या दोन्ही करंटची बेरीज शून्य होते. टेरेसवर फीडपॉइंटच्या खाली काकांच्या कोॲक्सभोवती लावला, फुगवटे जोरात. डक्टचं झाकण उघडून कॅमेऱ्याच्या केबलींच्या जुडग्याभोवती लावला, तेच फुगवटे आणि आणखी जोरात. शेजारून जाणाऱ्या केबल टीव्हीच्या वायरवर मात्र बरेच कमी. आणि डक्टमध्ये डोकावलं तर दिसलं काय, तर सीसीटीव्ही बसवणाऱ्यांनी आपल्या केबली सरळ काकांच्या कोॲक्सलाच झिप टायने बांधत खाली नेल्या होत्या, तीन मजले, आयता आधार मिळाला म्हणून.

इथे जरा थांबून कोॲक्सबद्दल लिहितो, कारण अनेकांच्या मनात शील्ड म्हणजे संरक्षण एवढंच असतं. ७ मेगाहर्ट्झवर करंट तांब्यात फक्त ०.०२५ मिलिमीटर खोल शिरतो, त्यामुळे ब्रेडची (कोॲक्सच्या विणलेल्या तांब्याच्या शील्डची) आतली बाजू आणि बाहेरची बाजू या दोन वेगळ्या तारा असल्यासारख्या वागतात. आतली बाजू आणि मधली तार मिळून सिग्नल नेतात. बाहेरची बाजू ही नुसती एक ३५ मीटर लांब वायर आहे जी डक्टमधून खाली उतरते, आणि वर फीडपॉइंटला ती डायपोलच्या एका हाताला थेट जोडलेली असते. म्हणजे काकांच्या अँटेनाला दोन हात नव्हते, तीन होते, आणि तिसरा हात डक्टमध्ये कॅमेऱ्याच्या वायरींच्या गळ्यात गळा घालून उभा होता. कॅमेऱ्याच्या सप्लायचा नॉइज त्या वायरींवरून कोॲक्सच्या बाहेरच्या अंगावर उडी मारतो, वर फीडपॉइंटपर्यंत चढतो आणि तिथे आत शिरून रिगपर्यंत खाली येतो. आणि काका ट्रान्समिट करतात तेव्हा ह्याच वाटेने उलटा प्रवास होतो, आरएफ (ट्रान्समिटची रेडिओ पॉवर) कोॲक्सच्या बाहेरून खाली, तिथून कॅमेऱ्याच्या वायरींवर, आणि चित्र फाटतं. ही वाट बंद केल्याशिवाय कितीही भारी अँटेना आणली तरी फरक पडला नसता, हे माझं ठाम मत आहे आणि या प्रकरणाने ते आणखी पक्कं झालं.

कॉमन-मोडची आणखी एक खूण काकांकडे आधीपासून होती पण तिच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. रिगला दोन मीटरची पॅच केबल वाढवली की एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचा आकडा, १ म्हणजे उत्तम) बदलायचा. ५० ओहमच्या केबलची लांबी थोडी वाढवून एसडब्ल्यूआर बदलायला नको, फार तर केबलच्या लॉसमुळे किंचित कमी दिसेल. तो इकडेतिकडे उडत असेल, केबल हाताने हलवली की बदलत असेल, तर केबलची बाहेरची बाजू अँटेनाचा भाग झाली आहे असं समजा.

फीडपॉइंटला एक बालन (केबल आणि डायपोल यांना जोडणारा ट्रान्सफॉर्मर) होता, पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात, कुठल्यातरी टोरॉइडवर (गोल कड्यावर) गुंडाळलेला. तो व्होल्टेज बालन निघाला. असा बालन दोन्ही हातांवर समान व्होल्टेज द्यायचा प्रयत्न करतो पण बाहेरच्या करंटला अडवत नाही, म्हणजे आपल्या कामाचा नाही. इथे हवा चोक, म्हणजे करंट बालन. ३१ नंबरच्या फेराइटचा २४० साइजचा टोरॉइड घेतला, लो बँडला हेच मटेरियल सगळ्यात चांगलं, ४३ नंबरही चालतं पण त्याची खरी मजा वरच्या बँडवर. त्यावर पातळ टेफ्लॉन कोॲक्सचे १२ वेढे. नॅनोव्हीएनएवर (केबल-अँटेना मोजायच्या छोट्या उपकरणावर) चोकची नुसती बाहेरची बाजू दोन पोर्टच्या मध्ये सिरीजमध्ये लावून मोजलं तर ७.१ वर उणे ३३ डीबी आलं, म्हणजे चार हजार ओहमच्या वर, आणि ३.६ वरही तेवढ्याच घरात. हिशोब सोपा आहे, उणे ३० डीबी म्हणजे साधारण तीन हजार ओहम, तिथून वर. बाजारात बिननावाचे टोरॉइड मिळतात, रंगावरून मटेरियल ओळखता येत नाही, त्यामुळे हे असं मोजल्याशिवाय वर चढवू नका. पाचशे-हजार ओहम पुरे असं जुन्या पुस्तकांत असतं ते ट्रान्समिटच्या दृष्टीने, नॉइज अडवायचा असेल तर जितकं जास्त तितकं बरं.

आणि क्लिप-ऑन फेराइट केबलवर एकदा टक्कन बसवून काम झालं असं समजणारे फार आहेत. एका वेढ्याला ४० मीटरवर काही दहा ओहम मिळतात, ते काहीच नाही. वेढे वाढवले की इंपिडन्स वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून एकाच कोअरमधून केबल दहा-बारा वेळा फिरवणं हे दहा-बारा क्लिप ओळीने लावण्यापेक्षा कितीतरी जास्त परिणामकारक.

नवा चोक बसवायला वर गेलो तेव्हा कोॲक्सचीही परीक्षा घेतली, आणि ते बरं झालं. वरचं टोक अँटेनापासून सोडवलं, उघडं ठेवलं, आणि खाली शॅकमध्ये नॅनोव्हीएनए लावला. पलीकडे काहीच जोडलेलं नाही म्हटल्यावर सगळी पॉवर परत यायला हवी. चांगल्या आरजी-५८ मध्ये ३५ मीटरला ७ मेगाहर्ट्झवर साधारण १.३ ते १.४ डीबी लॉस धरा, जाऊन-येऊन दुप्पट, म्हणजे रिटर्न लॉस (पाठवलेल्यापेक्षा परत आलेली पॉवर किती कमी) पावणेतीन डीबीच्या आत आणि एसडब्ल्यूआर सहाच्या पुढे दिसायला हवा. इथे रिटर्न लॉस आला ९ डीबी आणि एसडब्ल्यूआर २.१! अँटेना नसताना २.१. म्हणजे एका बाजूचा लॉस साडेचार डीबी, १०० वॅटमधले जेमतेम ३५ वॅट वर पोचत होते, बाकीचे केबल गरम करत होते. काका बरीच वर्षं म्हणायचे की माझा एसडब्ल्यूआर अख्ख्या बँडवर दीडच्या आत असतो, आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. ८० मीटरची टोकं कठड्याजवळ वाकवलेली इन्व्हर्टेड व्ही अख्ख्या बँडवर इतकी सपाट राहूच शकत नाही, बँडच्या कडेला एसडब्ल्यूआर चढायलाच हवा. फार सपाट कर्व्ह दिसला की खूश होऊ नये, केबल तपासावी.

वरचा कनेक्टर कापून बघितला. पीएल-२५९ वर पांढरं सिलिकॉन फासलेलं होतं, ते व्हिनेगरसारखा वास येणारं, आणि त्याखाली ब्रेड काळा-हिरवा होऊन भुगा व्हायच्या बेतात. त्या प्रकारचं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि तांब्याला खातं. काप घेत घेत खाली आलो तरी काळेपणा संपेना, कारण पाणी एकदा ब्रेडमध्ये शिरलं की केशिकेसारखं ओढलं जात खाली उतरत राहतं. डमी लोडची टेस्टही इथेच केली: वरच्या टोकाला अँटेनाच्या जागी ५० ओहमचा शील्डेड डमी लोड, म्हणजे धातूच्या डब्यात बंद केलेला रेझिस्टर. अशा वेळी रिग शांत व्हायला हवा, पण एस ३ चा नॉइज राहत होता, तेच फुगवटे. म्हणजे ब्रेड इतका खराब की केबल मधल्या मध्येच गळत होती. या टेस्टचा अर्थ मात्र नीट घ्या. डमी लोड लावल्यावर नॉइज गेला तर केबलचं शील्डिंग चांगलं आहे एवढंच कळतं, कॉमन-मोड नाही असं त्यातून सिद्ध होत नाही, कारण बाहेरचा करंट आत शिरतो तो फीडपॉइंटला आणि तो तुम्ही तर सोडवून ठेवलेला असतो. "डमी लोडवर शांत आहे म्हणजे नॉइज हवेतूनच येतोय" असा निष्कर्ष काढून लोक अँटेना बदलत बसतात.

एक गोष्ट अनेकांना पटत नाही ती म्हणजे रिसीव्हला केबलच्या लॉसने फारसं बिघडत नाही. लो बँडला बाहेरचा नॉइज इतका जास्त असतो की चार डीबी लॉसमध्ये सिग्नल आणि नॉइज दोन्ही सारखेच खाली जातात, ऐकण्यात फरक नाही. पण केबल गळत असेल तर तो नॉइज लॉसच्या नंतर, रिगच्या जवळ आत येतो आणि मग दुबळा झालेला सिग्नल त्याच्याखाली दबतो. काकांकडे नेमकं हेच होत होतं.

नवी आरजी-२१३ डक्टमधून नेलीच नाही, इमारतीच्या दुसऱ्या बाजूने बाहेरच्या भिंतीवरून उतरवली, सीसीटीव्हीपासून लांब. फीडपॉइंटला चोक, टेरेसवरून खाली वळण्याआधी शील्ड अर्थला बाँड केलं, शॅकमध्ये शिरताना दुसरा चोक. कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून, त्यावर साधी पीव्हीसी टेप ऊन लागू नये म्हणून, केबलला खाली लोंबती घडी जेणेकरून पाणी कनेक्टरकडे न जाता तिथून ठिबकेल, आणि चोकच्या डब्याला खालून एक बारीक भोक. भोक बघून काका म्हणाले, "अरे पाणी जाईल ना!" पण पूर्ण सीलबंद डब्यात दिवसा-रात्रीच्या तापमानाने हवा आत-बाहेर ओढली जाते आणि आतच पाणी धरतं, त्यापेक्षा निचरा झालेला बरा.

आता सप्लाय. सेक्रेटरींना भेटायला काका आणि मी दोघं गेलो, भांडायला नाही, दाखवायला. लॅपटॉपवर वॉटरफॉल चालू ठेवला आणि विनंती केली, "साहेब, वॉचमनकाकांना सांगून फक्त दोन मिनिटं कॅमेऱ्याचा सप्लाय बंद करायला सांगता का?" बंद केल्या केल्या सगळे फुगवटे पुसले गेले, चालू केल्यावर परत आले. सेक्रेटरी स्वतःहून म्हणाले परत एकदा करून बघा. मग त्यांना सांगितलं की तुमचं चित्र फाटणं आणि यांचा नॉइज एकच आहे, आणि एकाच दुरुस्तीत दोन्ही जाईल. पत्राचा विषय तिथेच संपला.

मीटर रूममध्ये भोकाभोकांच्या पत्र्याच्या डब्यातला १२ व्होल्टचा एसएमपीएस होता, अर्थचा स्क्रू रिकामा, वायरच जोडलेली नाही. झाकणाच्या जाळीतून टॉर्च मारला तर बोर्डवर मेन्स फिल्टरच्या कॉइलची जागा छापलेली दिसत होती आणि त्या जागी दोन जंपर. स्वस्त सप्लायमध्ये हे सर्रास असतं. आत हात घालून सुधारायचा प्रयत्न कोणी करू नये, मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतो आणि बंद केल्यावरही काही काळ राहतो. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडून फिल्टरवाला चांगला सप्लाय बसवून घेतला, डबा अर्थ केला, मेन्सच्या बाजूला धातूच्या खोक्याचा तयार लाइन फिल्टर लावला, आणि कॅमेऱ्यांकडे जाणाऱ्या १२ व्होल्टच्या वायरींचं जुडगं डब्यातून बाहेर पडतं तिथेच ३१ नंबरच्या टोरॉइडमधून बसतील तेवढे वेढे फिरवलं. प्लस आणि मायनस दोन्ही एकत्र कोअरमधून जायला हवेत, एकटा प्लस नेला तर डीसी करंटने कोअर सॅच्युरेट होतो आणि काहीच अडवत नाही.

फरक सांगतो. नुसत्या चोकने आणि नव्या केबलने संध्याकाळचा ४० मीटरचा नॉइज एस ९ च्या वरून एस ७ वर आला, सप्लाय बदलल्यावर एस ५-६. ८० मीटरवर एस ७. म्हणजे आयटीयूच्या आलेखात जे निवासी भागासाठी येतं त्याच्याच घरात, आणि यापेक्षा खाली जायचं तर शहर सोडावं लागेल. मे-जूनमध्ये ढगांच्या गडगडाटाचे कडाके ८० वर येतातच, ते निसर्गाचे आहेत, त्यांना फेराइट नाही. १०० वॅटवर काका बोलत असताना सेक्रेटरींनी स्वतः गेटच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहून बघितलं, चित्र स्थिर.

एक गोष्ट राहिली ती लिफ्ट. लिफ्ट रूम टेरेसवरच, मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा स्विचिंग ड्राइव्ह), आणि व्हीएफडीपासून मोटरपर्यंतची वायर शील्ड नसलेली. लिफ्ट हलली की वीस-पंचवीस सेकंद नॉइज चढतो, थांबली की जातो. लिफ्टच्या मेंटेनन्सवाल्यांनी वायर बदलायला नकार दिला आणि त्यांच्या पॅनलमध्ये आपण हात घालायचा प्रश्नच नाही, सुरक्षेची बाब आहे. एवढं केलं की ८० मीटरचा जो हात लिफ्ट रूमच्या भिंतीला बांधलेला होता तो सोडून पलीकडच्या कोपऱ्यातल्या बांबूला नेला, टोक हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर, कारण ट्रान्समिट करताना तिथे हजाराच्या वर व्होल्ट असू शकतात. त्याने दोन एस युनिट कमी झाले. आता टाकीच्या दुसऱ्या बाजूला मीटरभर व्यासाचा फक्त रिसीव्हसाठीचा लूप लावून त्याचा नल (ज्या दिशेने सगळ्यात कमी ऐकू येतं ती बाजू) लिफ्ट रूमकडे फिरवायचा विचार आहे. हाच लूप आधी लावला असता तर फुकट गेला असता, कारण त्याचीही केबल त्याच डक्टमधून उतरली असती.

आणि शेजारच्या सोसायटीत सोलर येतंय. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून छतावर पॅनल बसवायची चर्चा सगळीकडे आहे आणि ते व्हायलाच हवं, त्याला विरोध करणारा हॅम मला पटत नाही. पण इन्व्हर्टर आणि पॅनलमागचे ऑप्टिमायझर हेसुद्धा स्विचिंगचेच प्राणी आहेत आणि टेरेसभर पसरलेल्या डीसी वायरी म्हणजे त्यांची अँटेना. म्हणून काकांनी आत्ताच, काम सुरू व्हायच्या आधी, दोन्ही बँडचे सकाळ-दुपार-संध्याकाळचे वॉटरफॉल रेकॉर्ड करून ठेवलेत, म्हणजे नंतर काय वाढलं ते दाखवता येईल. शेजारच्या कमिटीला आणि त्यांच्या कंत्राटदाराला मिळून एक पानाचं विनंतीपत्र दिलंय: पॅनलच्या प्लस-मायनस वायरी एकमेकींना चिकटून न्याव्यात, मधे मोठा फेरा पडू देऊ नये, अर्थ केलेल्या धातूच्या पाइपातून उतरवाव्यात, इन्व्हर्टरच्या डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना फिल्टर असावा. कंत्राटदाराने वायरी एकत्र नेण्याचं लगेच मान्य केलं, त्याला खर्च नाही. धातूच्या पाइपबद्दल कमिटीची मीटिंग व्हायची आहे.